गावातल्या व्यवसायासाठी सर्व्हर निवडताना: कोटेशनच्या आधीची कामं आणि नंतरची

जिनिंग असो, दालमिल असो, चार शाखांचं कृषी केंद्र असो की शेतकरी उत्पादक कंपनी, सर्व्हर (म्हणजे सगळ्यांचं सॉफ्टवेअर आणि डेटा सांभाळणारा मुख्य कॉम्प्युटर) घ्यायचा ठरला की पहिलं काम होतं ते कोटेशन मागवण्याचं. नागपूर किंवा अमरावतीहून तीन कागद येतात आणि त्यांतला मधला निवडला जातो. गाडी इथेच रुळावरून उतरते, कारण कोटेशन देणाऱ्याला तुमच्या गावची लाईन किती वेळा जाते, गाड्यांचा वजनकाटा कुठे आहे, नेट कोणत्या बाजूने येतं यातलं काहीच माहीत नसतं. तो यंत्र विकतो. ते यंत्र हिंगणघाटच्या मे महिन्यात आणि वणीच्या पहिल्या वादळात चालेल की नाही, हे तुम्हालाच आधी मोजावं लागतं.

खाली दिलेला क्रम बदलू नका. पुढच्या प्रत्येक टप्प्याचं उत्तर मागच्या टप्प्यातून निघतं.

## टप्पा १: काम लिहून काढा, यंत्र नाही

एका वहीत सर्व्हरवर होणारं प्रत्येक काम लिहा: काटा पावती, खरेदीची पट्टी, बिल, हिशोब, स्टॉक, शाखांचे रिपोर्ट, पगार, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरं हवीत.

पहिला: हे काम भर हंगामात किती वेळ थांबलं तर चालेल? दुसरा: बिघाड झाल्यावर किती वेळापूर्वीपर्यंतची माहिती गेली तर ती हाताने पुन्हा भरता येईल?

काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली असेल तर पंधरा मिनिटांत आरडाओरड सुरू होते. जीएसटी रिटर्न मात्र दुसऱ्या दिवशी भरलं तरी बहुतेक वेळा बिघडत नाही. दोन्ही कामांना एकाच तराजूत तोललं की एकतर भलतं महाग यंत्र घेतलं जातं, नाहीतर काटाच बंद पडतो.

ही उत्तरं मालकाने एकट्याने देऊ नयेत. काट्यावरच्या माणसाला विचारा, दिवाणजींना विचारा. नेट गेल्यावर काय करावं लागतं ते त्यांनाच माहीत असतं. कागदावर पावती लिहून संध्याकाळी भरतात, की गाड्या थांबवतात? कागदी पावतीची सवय अजून टिकून असेल तर ती जपा. तो फुकटचा बॅकअप आहे.

तपासा: प्रत्येक कामापुढे तास किंवा मिनिटं लिहिली आहेत का? ‘कधीच थांबू नये’ हे उत्तर चालणार नाही. तसं लिहिलं असेल तर आकडा येईपर्यंत पुन्हा विचारा.

## टप्पा २: वीज, नेट आणि ऊन मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निदान महिनाभर नोंद ठेवा, आणि जमलं तर त्यात एप्रिल-मे किंवा जूनचे दिवस येऊ द्या. डिसेंबरात मोजलेली वीज आणि हवा विदर्भाबद्दल फारसं काही सांगत नाही.

वीज. लाईन किती वाजता गेली आणि किती वाजता आली, एवढंच भिंतीवरच्या कागदावर लिहायला लावा. दोन गोष्टी कळतील: रोजचे लहान झटके किती, आणि सगळ्यात लांब खंड किती. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की गावाकडे दिवस जातो, दोन दिवसही जातात. तेवढा वेळ कुठलाच यूपीएस पेलत नाही, तिथे जनरेटरच लागतो. सोबत व्होल्टेजही पाहा. सिंगल फेजला २३० व्होल्ट अपेक्षित असतं, पण आजूबाजूचे कृषी पंप सुरू झाले की ते खाली बसतं. इलेक्ट्रिशियनला दिवसातून तीन वेगवेगळ्या वेळी मीटर लावायला सांगा.

त्याच वेळी न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते २-३ व्होल्टच्या आत हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

नेट. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंगची, म्हणजे नेट उत्तर देतं का ते तपासणारी, आज्ञा सतत चालू ठेवून किती पॅकेट (पाठवलेले डेटाचे तुकडे) हरवतात ते पाहा. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ-नऊला, म्हणजे गावातले सगळे मोबाईल सुरू असतात तेव्हा. जाहिरातीतला वेग हा बहुधा डाउनलोडचा असतो. तुम्हाला अपलोडचा आकडा लागणार आहे, कारण बॅकअप वर पाठवायचा असतो.

एक चाचणी मात्र कुणीच करत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: गावाची लाईन जाऊन दोन-तीन तास झाल्यावर मोबाईलचं नेट चालतं का? टॉवरलाही वीज लागते. त्याची बॅटरी संपली की टॉवर झोपतो. फायबर आणि मोबाईल अशी दोन नेट घेऊनही दोन्ही एकाच वेळी जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तुमच्या भागातली वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं त्या वेळी लावून पाहा. जी चालेल ती पर्यायी लाईन.

ऊन आणि धूळ. बहुतेक सर्व्हरच्या माहितीपत्रकात १० ते ३५ अंश सेल्सिअस ही चालण्याची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वाईट असतं. वीस-तीस दिवस खोलीत थर्मामीटर ठेवा. दुपारी चारचा आकडा लिहा, आणि एसी बंद झाल्यावर खोली किती वेळात ३५ ओलांडते तेही लिहा.

सावधान: सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसाला सुखाचा, पण तो दमट हवा आणि पाण्याचे बारीक कण आत फेकतो. त्या हवेत कापसाची रुई आणि गावची धूळ मिसळली की पंख्यावर, बोर्डावर ओलसर थर जमतो. लहान खोली, जाड भिंती, छताखाली फॉल्स सीलिंग आणि एक टनाचा एसी हे या कामासाठी कूलरपेक्षा फार बरं. एसी ठेवणं शक्यच नसेल तर ऑफिसात सर्व्हर ठेवण्याचा विचार इथेच सोडा. टप्पा ३ सोपा होईल.

## टप्पा ३: सर्व्हर कुठे राहणार ते ठरवा

तीन पर्याय आहेत: ऑफिसातलं यंत्र, क्लाउड (दुसऱ्या कंपनीच्या केंद्रातला, नेटवरून वापरायचा भाड्याचा सर्व्हर), किंवा दोन्ही मिळून. आता वही उघडा आणि टप्पा १ मधले तास टप्पा २ मधल्या नोंदींशी लावून पाहा.

एखादं काम पंधरा मिनिटंही थांबू शकत नाही आणि नेट मात्र आठवड्यातून दोनदा तासभर जातं, तर ते काम ऑफिसातच राहील. काटा यात येतो. क्लाउड कितीही चांगला असला तरी तुमच्या गावापासून तालुक्यापर्यंतची फायबर रस्ता रुंदीकरणात तुटली की तो तुमच्यासाठी बंदच. उलट, चार शाखांचे रिपोर्ट एकत्र पाहायचे आहेत, नेट बऱ्यापैकी आहे, पण खोली तापते आणि लाईन बेभरवशाची आहे, तर ते काम क्लाउडवर सुरक्षित राहील.

ग्रामीण विदर्भातल्या बहुतेक मध्यम व्यवसायांना माझा सल्ला तिसऱ्या पर्यायाचा आहे. काटा आणि बिल ऑफिसातल्या लहान सर्व्हरवर, बॅकअप आणि शाखांचे रिपोर्ट क्लाउडवर. खर्च थोडा वाढतो, पण लाईन गेली किंवा नेट गेलं तरी अर्धा धंदा तरी चालू राहतो.

क्लाउड घेताना तीन गोष्टी पाहा.

डेटा भारतात ठेवा. ॲमेझॉनचं केंद्र मुंबई आणि हैदराबादला आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्याला, गुगलचं मुंबई आणि दिल्लीला. भारतातल्या लहान कंपन्याही चांगल्या सेवा देतात. खातं उघडताना रिजन, म्हणजे डेटा ठेवायचा प्रदेश, आपोआप अमेरिका किंवा सिंगापूर निवडलेलं असू शकतं, ते बदला. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. त्या कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं त्यांना बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे एडिट लॉग, चालू असणंही आवश्यक आहे.

अपटाइमचे, म्हणजे सेवा किती टक्के वेळ चालू राहील याचे, आकडे महिन्याच्या मिनिटांत मोजा. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद. ९९ टक्के म्हणजे सव्वासात तास. दिसायला एका टक्क्याहून कमी फरक, पण तुमच्या वहीत तो पूर्ण दिवसाचा निघू शकतो. शिवाय ती हमी मोडली तर कंपनी बहुधा बिलात सूट देते. बुडालेला धंदा भरून देत नाही.

बाहेरून ऑफिसात कसं यायचं ते विचारा. मोबाईल नेटवर आणि काही फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून सापडणारा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे घरून ऑफिसातलं यंत्र उघडत नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) मिळतो का ते आधी लेखी घ्या, नाहीतर व्हीपीएनची, म्हणजे ऑफिसात येण्याच्या सुरक्षित खासगी वाटेची, सोय क्लाउडमार्फत करा.

सावधान: रिमोट डेस्कटॉपचा (दुरून यंत्राची स्क्रीन उघडून काम करण्याच्या सोयीचा) ३३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवरचं दार, थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. सगळ्या फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे याच दारातून वारंवार येतात. पोर्टचा नंबर बदलून फायदा नाही. आधी व्हीपीएन, मगच रिमोट डेस्कटॉप.

## टप्पा ४: आधी सॉफ्टवेअर, मग ऑपरेटिंग सिस्टिम

हा टप्पा लहान आहे, पण लोक तो उलटा करतात. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) फुकट आहे म्हणून ती टाकतात आणि मग टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, चालवायला धडपडतात. टॅली विंडोजवर चालते. तुमचं मुख्य काम टॅलीत असेल तर विंडोज सर्व्हर घ्या, आणि कोटेशनमध्ये वापरणाऱ्यांची लायसन्सं वेगळी धरली आहेत ना ते पाहा. रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांसाठी आणखी एक वेगळं लायसन्स लागतं. ब्राउझरमध्ये चालणारं ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल, जसं ईआरपीनेक्स्ट, तर उबंटू किंवा डेबियन हे लिनक्सचे प्रकार उत्तम.

साधा विंडोजचा पीसी सर्व्हर म्हणून वापरता येईल का? चार-पाच जणांच्या फाइल शेअरिंगला चालून जातं. पण विंडोज १० आणि ११ ला एकाच वेळी जोडल्या जाणाऱ्या यंत्रांची मर्यादा २० आहे आणि रिमोट डेस्कटॉपवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा जुना पीसी पुसून सर्व्हर करण्याचा विचार नको.

तपासा: जी सिस्टिम घेणार तिला सुरक्षेची अपडेट कधीपर्यंत मिळणार? सेंटओएस ७ (लिनक्सचाच एक प्रकार) ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आहे, तरी स्वस्त व्हीपीएसच्या (भाड्याच्या क्लाउड सर्व्हरच्या) यादीत ते अजून दिसू शकतं. विंडोज सर्व्हर २०१६ जानेवारी २०२७ पर्यंत, २०१९ जानेवारी २०२९ पर्यंत, २०२२ ऑक्टोबर २०३१ पर्यंत. उबंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत मोफत अपडेट आहेत. यंत्र पाच वर्षं वापरणार असाल तर मुदतही तेवढी हवी.

## टप्पा ५: यंत्र, यूपीएस आणि तारा

यंत्राबद्दल मोजकंच. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी, दोन एसएसडी डिस्क आरसा पद्धतीने (दोन्हींवर तोच डेटा) म्हणजे रेड १ मध्ये, आणि त्या एसएसडी सर्व्हरसाठी बनवलेल्या. घरगुती एसएसडीत लाईन अचानक गेली की लिहिता-लिहिता राहिलेला डेटा हरवू शकतो. सर्व्हरच्या चांगल्या एसएसडीत त्यासाठी आतच सोय असते. दहा माणसं रिमोट डेस्कटॉपवर टॅली चालवणार असतील तर ३२ जीबी मेमरी धरा.

यंत्रापेक्षा यूपीएसवर जास्त भांडा. ऑनलाइन प्रकारचाच, म्हणजे लाईन गेली तरी क्षणभरही खंड पडू न देणारा, घ्या. घरचा इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरचा साधा यूपीएस इथे पुरत नाही. बॅटरीचा हिशोब स्वतः करा. सर्व्हर, राउटर, स्विच मिळून १८० वॅट लागत असतील आणि १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या असतील, तर साठा ९३६ वॅट-तास. त्यातले दोन तृतीयांशच हाती लागतात असं धरा, म्हणजे साडेतीन तासांच्या आत-बाहेर. विक्रेता पाच तास म्हणाला तर त्याच्यासमोर हा गुणाकार करा.

बंद डब्याच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यापुढे दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. म्हणून बॅटऱ्याही एसीच्याच खोलीत ठेवा. त्या व्हरांड्यात काढण्याची पद्धत फार महागात पडते.

जनरेटर असेल तर यूपीएस विकत घेण्याआधी त्याच जनरेटरवर लावून पाहा. जनरेटरची फ्रिक्वेन्सी डोलत असेल तर काही यूपीएस ती वीज घेतच नाहीत आणि जनरेटर धडधडत असताना बॅटरी संपते.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी कमी झाल्यावर आपोआप शटडाउन होईल असं करून घ्या. लाईन आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं ही बायोसमधली (यंत्राच्या मूळ सेटिंगमधली) सोयही चालू करा. रात्री दोनला कुणी बटण दाबायला येणार नाही.

आता तारा. गेटवरचा काटा आणि ऑफिस यांच्यात तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेलेली असते. तिची मर्यादा १०० मीटर आहे, पण खरा धोका विजेचा आहे. जूनमध्ये मैदानात वीज पडली की त्या तारेतून झटका आत येतो आणि स्विच, कॉम्प्युटर, कधी सर्व्हरही घेऊन जातो. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर लॅन केबलला जोडणारी डबी) लावा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. मुख्य डीबीवर (विजेच्या वाटप पेटीवर) सर्ज प्रोटेक्टर (झटका अडवणारं उपकरण) वेगळा लागेलच.

जिनिंगच्या आवारात यंत्राच्या तोंडाशी जाळी बसवा आणि हंगामात ती दर आठवड्याला बाहेर नेऊन साफ करा.

## टप्पा ६: आता कोटेशन मागवा

वहीतली माहिती एका पानावर उतरवा आणि तेच पान तिघांनाही द्या. सगळ्यांनी एकाच गोष्टीची किंमत सांगितली पाहिजे. पाच वर्षांचा एकूण खर्च मागा: यंत्र किंवा मासिक भाडं, लायसन्सं, यूपीएस, मधल्या काळात बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या, एसीची वीज, दोन नेट, बॅकअपची जागा, दुरुस्तीचा करार, जीएसटी.

प्रत्येकाला हे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- पार्ट खराब झाला तर माणूस आमच्या गावात किती तासांत येईल? वॉरंटीवर ‘नेक्स्ट बिझनेस डे’ लिहिलेलं असतं, पण आमच्या पिनकोडला ते लागू आहे का?
- पार्ट कुठून येईल?
- रविवारी आणि हंगामात फोन कोण उचलेल?
- आम्ही तुम्हाला सोडलं तर डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल?

पिनकोडचा प्रश्न टाळणाऱ्याला मी यादीतून काढून टाकेन, दर कितीही कमी असला तरी.

सावधान: डोमेन, क्लाउडचं खातं, लायसन्स हे सगळं व्यवसायाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाईलवर नोंदवा. कॉम्प्युटरवाला चांगला माणूस असतो, घरच्यासारखा असतो, आणि सोयीसाठी स्वतःच्या जीमेलवर खातं उघडून देतो. पुढे तो गाव सोडून गेला किंवा त्याचा नंबर बदलला की तुमचाच सर्व्हर तुम्हाला उघडता येत नाही. त्याला काम करण्यापुरता वेगळा यूजर द्या.

## टप्पा ७: बॅकअप घ्या, आणि परत आणून दाखवा

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून खातं पुसलं तर आरशातल्या दोन्ही डिस्कवरून ते एकाच वेळी पुसलं जातं.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. म्हणजे चालू डेटा, ऑफिसातली बाहेरची डिस्क आणि क्लाउडवरची प्रत. बाहेरच्या दोन डिस्क घ्या आणि आलटून-पालटून लावा. एक नेहमी तारेपासून सुटी आणि शक्यतो मालकाच्या घरी असावी. कायम जोडलेली डिस्क व्हायरसही कुलूपबंद करतो आणि वीज पडल्यावर तीही जळते.

क्लाउडवर पाठवायला किती वेळ लागेल तो हिशोब आधी करा. २० जीबी डेटा आणि १० एमबीपीएस अपलोड असेल तर साडेचार तास. रात्री दहाला सुरू केला तर अडीच वाजतील, पण मधे लाईन गेली तर? म्हणून फक्त बदललेला भाग पाठवणारी पद्धत घ्या. परत आणतानाही तेच. २०० जीबी ५० एमबीपीएसने उतरवायला नऊ तास लागतात. टप्पा १ मध्ये ‘दोन तास’ लिहिलं असेल तर ऑफिसातली प्रत हवीच.

सावधान: टॅलीचा चालू डेटा फोल्डर गुगल ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. फाइल उघडी असताना सिंक झाली की डेटा बिघडतो. टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल वर पाठवा.

आता परीक्षा. दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर फक्त बॅकअपमधून सगळं उभं करा. घड्याळ लावा. कालचा ताळेबंद उघडून बेरीज जुळवा, पाच काटा पावत्या काढून पाहा. हे विक्रेत्याने नाही, तुमच्या माणसाने कागदावरच्या सूचना वाचून करायचं. ते जमलं तरच बॅकअप आहे असं समजा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

तपासा: जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. तेवढी जुनी वर्षं बॅकअपमध्ये आहेत का?

## टप्पा ८: बदलाची तारीख

जिनिंगवाल्यांनी ऑक्टोबर ते मार्चमध्ये यंत्र बदलू नये. कृषी केंद्रवाल्यांनी मे ते जुलै आणि रब्बीच्या पेरणीचा काळ टाळावा. महिनाअखेर आणि रिटर्नची तारीखही टाळा.

तारखेच्या आधी एक दिवस मुद्दाम बिघाड करा. कामाच्या वेळेत, सगळ्यांना सांगून, मेन स्विच पाडा. यूपीएस किती वेळ टिकला? शटडाउन आपोआप झालं का? मग फायबर काढा: दुसऱ्या नेटवर किती मिनिटांत गेलं, काटा चालू राहिला का? मग एसी बंद करून खोली तापू द्या आणि धोक्याचा मेसेज मोबाईलवर येतो का ते पाहा. आलेले आकडे वहीतल्या पहिल्या पानाशी लावा. जुळले नाहीत तर तारीख पुढे ढकला.

नव्या यंत्रावर काम सुरू झालं तरी जुनं लगेच विकू नका. एक पूर्ण महिना बंद होईपर्यंत आणि त्याचं रिटर्न भरून होईपर्यंत ते फक्त पाहण्यासाठी चालू ठेवा, त्यात नवी नोंद करायची नाही. नंतर त्याची डिस्क काढून पूर्ण पुसा. पुसता आली नाही तर भोकं पाडून निकामी करा आणि मगच बाकीचं यंत्र भंगारात द्या.